निपाह : शरीराला न कळणारे दिवस आणि यंत्रणेच्या हाती असलेला वेळ

नवी दिल्ली : केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील १४ वर्षांच्या एका मुलाचा २१ जुलै २०२४ रोजी कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निपाह विषाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला. त्याच्यासाठी मागवण्यात आलेले मोनोक्लोनल प्रतिपिंडाचे औषध मृत्यूपूर्वी पोहोचले होते. परंतु रुग्णाची प्रकृती अतिशय खालावलेली असल्यामुळे ते देता आले नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच दिवशी स्पष्ट केले. औषध उपलब्ध होते, ते देऊ शकणारे डॉक्टर हजर होते आणि निदानही झालेले होते. हातातून निसटली होती ती केवळ वेळ.

निपाहच्या प्रत्येक उद्रेकानंतर या हुकलेल्या वेळेची चर्चा होते. नमुना उशिरा गेला, अहवाल उशिरा आला, रुग्णाला उशिरा हलवले, अशी कारणे पुढे येतात आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. मात्र, या विलंबाचा पहिला टप्पा कोणत्याही रुग्णालयात किंवा कार्यालयात घडत नाही. तो रुग्णाच्या पेशींमध्ये घडतो. शरीरात शिरल्यानंतर निपाहचा विषाणू सर्वप्रथम जन्मजात प्रतिकारयंत्रणेची संदेशवहन व्यवस्था निकामी करू पाहतो. शरीराला शत्रूची चाहूल उशिरा लागावी, अशी त्याची रचनाच आहे. ही रचना समजून घेणे हा केवळ जीवशास्त्राचा विषय नाही. औषध केव्हा द्यायचे, संपर्कातील व्यक्तींवर किती दिवस लक्ष ठेवायचे आणि सार्वजनिक पैसा कोठे खर्च करायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्याशी जोडलेली आहेत.

पुन्हा पुन्हा परतणारे संकट

निपाहची ओळख जगाला १९९८-९९ मध्ये मलेशियात झाली. तेथे वराहपालन करणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली, २६५ जणांना लागण झाली आणि १०५ जणांचा मृत्यू झाला. साथ थोपवण्यासाठी १० लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. भारतात या विषाणूचा पहिला ज्ञात उद्रेक २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे झाला. त्यात ६६ रुग्णांपैकी ४५ दगावले. २००७ मध्ये त्याच राज्यातील नदिया जिल्ह्यात लागण झालेले पाचही जण मरण पावले.

त्यानंतर ११ वर्षे शांततेत गेली आणि मे २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत निपाह प्रकट झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या वेळी १९ पैकी १७ रुग्णांचा मृत्यू झाला. पुढे २०१९ मध्ये एर्नाकुलम, २०२१ व २०२३ मध्ये कोझिकोड, २०२४ मध्ये मलप्पुरम आणि २०२५ मध्ये मलप्पुरमसह पलक्कड जिल्ह्यात रुग्ण आढळले. जानेवारी २०२६ मध्ये पश्चिम बंगालमधील दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना संसर्ग झाल्याचे निश्चित झाले आणि जवळजवळ दोन दशकांनी हा विषाणू त्या राज्यात परतला.

रुग्णसंख्या पाहता हा आजार डेंग्यू किंवा क्षयरोगाच्या जवळपासही येत नाही. परंतु, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याचा मृत्युदर ४० ते ७५ टक्के आहे. त्यावर मान्यताप्राप्त लस नाही, खात्रीचा उपचार नाही. म्हणूनच प्रत्येक रुग्णामागे तपासात गेलेला किंवा हाती लागलेला एकेक दिवस मोलाचा ठरतो.

पेशीची दवंडी

विषाणू शरीरात शिरला की प्रतिपिंडे तयार होतात, हे आता सर्वसामान्यांनाही ठाऊक आहे. मात्र, प्रतिपिंडे घडवणाऱ्या व्यवस्थेला नवा शत्रू ओळखून सज्ज होण्यास अनेक दिवस लागतात. तोवरची लढाई जन्मजात प्रतिकारयंत्रणा लढते आणि तिचे पहिले पाऊल अवघ्या काही तासांत पडते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पहारेकरी प्रथिने असतात. रिग-आय आणि एमडीए-५ ही त्यांपैकी दोन महत्त्वाची नावे. निपाहसारख्या विषाणूंची जनुकीय सामग्री आरएनएची असते. तिच्या प्रती तयार होताना पेशीत एरवी न आढळणाऱ्या ठेवणीचे आरएनए निर्माण होतात. पहारेकरी प्रथिने ती ठेवण ओळखतात आणि निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असा पुढे सरकत पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे इंटरफेरॉन तयार करण्याचा आदेश सुटतो.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी लावला. गावावर दरोडा पडताच दवंडी पिटली जावी, तसे या प्रथिनाचे काम असते. लागण झालेली पेशी ते बाहेर सोडते आणि ते शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना जाऊन चिकटते. मग त्या पेशींमध्ये निरोपाची दुसरी साखळी सुरू होते. स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही प्रथिने जोडीने केंद्रकात शिरतात आणि शेकडो जनुके कार्यरत करतात. त्या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने विषाणूच्या आरएनएचे तुकडे करतात, त्याच्या प्रथिनांची निर्मिती रोखतात आणि प्रतिकारयंत्रणेच्या पुढील फळीला पाचारण करतात. संसर्गाच्या प्रारंभी जाणवणारा ताप, अंगदुखी आणि थकवा यांमागेही मोठ्या प्रमाणात हीच हाक असते. ताप ही आजाराची खूण खरी. पण शरीराला शत्रूची जाणीव झाल्याचीही ती खूण आहे.

दवंडी ऐकून आधीच दारे लावून बसलेल्या पेशीत शिरकाव करणे विषाणूला अवघड जाते. त्यामुळे दवंडी पिटली जाण्याआधी किती घरे ताब्यात घेता येतात, यावर विषाणूचे सारे यश अवलंबून असते. ही शर्यत तासांची आणि दिवसांची आहे.

एक जनुक, चार प्रथिने

निपाहचा संपूर्ण जनुकीय मजकूर सुमारे १८,२०० अक्षरांचा आहे. मानवाच्या तीन अब्ज अक्षरांच्या तुलनेत तो अगदीच तुटपुंजा. त्यात जनुके केवळ सहा. इतक्या अल्प सामग्रीत विषाणूने प्रतिकारयंत्रणेला चकवणारी हत्यारे कशी सामावली, याचे उत्तर त्याच्या ‘पी’ नावाच्या जनुकात सापडते.

या जनुकाची नक्कल होताना एका ठरावीक ठिकाणी कधी एक, तर कधी दोन अक्षरे जास्तीची पडतात. मराठीत एखाद्या काना-मात्रेने शब्दाचा अर्थ पालटावा, तसा त्यापुढचा सारा मजकूर पालटतो. अक्षर न वाढता पी प्रथिन तयार होते, एक अक्षर वाढले की व्ही आणि दोन वाढली की डब्ल्यू. याच जनुकाचे वाचन वेगळ्या ठिकाणापासून सुरू झाले तर सी नावाचे चौथे प्रथिन मिळते. पी प्रथिन विषाणूच्या प्रती काढण्यासाठी अत्यावश्यक असते. उरलेल्या तिघांचे प्रमुख काम यजमानाच्या प्रतिकारात अडथळे आणण्याचे असते.

व्ही प्रथिन दुहेरी काम करते. त्याचा शेवटचा भाग एमडीए-५ या पहारेकऱ्याला धरून ठेवतो आणि रिग-आयच्या सक्रियतेतही अडथळा आणतो. त्यामुळे निरोप निघण्याआधीच दाबला जातो. त्याचा पुढचा भाग स्टॅट-१ आणि स्टॅट-२ यांना पेशीद्रवात अडकवून ठेवतो. परिणामी बाहेरून इंटरफेरॉनची हाक आलीच, तरी लागण झालेली पेशी तिला प्रतिसाद देऊ शकत नाही. ती मुकी होते आणि बहिरीही होते.

डब्ल्यू प्रथिनाचा पुढचा भाग व्हीसारखाच आहे, पण त्याच्या शेपटाकडे केंद्रकात प्रवेश मिळवून देणारा परवाना आहे. ते थेट केंद्रकात जाऊन बसते. तेथे ते स्टॅट-१ला जखडते आणि इंटरफेरॉन तयार करण्याचा आदेशही रोखते. एकाच शत्रूचे दोन हस्तक, एक वेशीबाहेर आणि एक चावडीत, अशी ही योजना आहे. याखेरीज विषाणूचे बाह्य आवरण घडवण्यात सहभागी असलेले एम प्रथिनही टीआरआयएम-६ या मानवी प्रथिनाचा नाश घडवून निरोपाच्या साखळीतील आणखी एक दुवा तोडते.

अशी युक्ती करणारा निपाह एकटा नाही. त्याच्याच कुळातील गोवराचा विषाणूही व्ही प्रथिन वापरतो. डेंग्यूचा विषाणू स्टॅट-२चा नाश घडवतो. इबोलाचे एक प्रथिन स्टॅट-१ला केंद्रकात नेणारी वाहतूक अडवते, तर कोविड-१९च्या विषाणूचे ओआरएफ-६ हे प्रथिन केंद्रकाच्या प्रवेशद्वाराशीच खोळंबा करते. हत्यारे निरनिराळी असली, तरी बहुतेकांचा रोख एकाच साखळीवर आहे. माणसात आजार निर्माण करणाऱ्या विषाणूंना उत्क्रांतीच्या ओघात ही साखळी तोडण्याचा काही ना काही मार्ग शोधावाच लागला, एवढे यावरून स्पष्ट होते.

पुरावा आणि त्याच्या मर्यादा

ही प्रथिने खरोखरच इतकी निर्णायक आहेत का, याचा कस प्राण्यांवरील प्रयोगांत लागला. अमेरिकेतील संशोधकांनी व्ही प्रथिन तयार न करणारा निपाहचा विषाणू घडवला आणि फेरेट या प्राण्यांना त्याची लागण केली. मूळ विषाणूने मरणारे हे प्राणी व्ही-विरहित विषाणूने मेले नाहीत. डब्ल्यू प्रथिन काढून टाकल्यावर विषाणू प्राणघातकच राहिला. पण आजाराची गती आणि स्वरूप बदलले, चेतासंस्थेची लक्षणे अधिक ठळक झाली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी जपानी संशोधकांच्या हॅमस्टरवरील प्रयोगांतही व्ही आणि सी यांच्याविना विषाणूची मारकता घटल्याचे दिसले होते.

तरीही, विषाणू प्रतिकारयंत्रणेला सरसकट झोपवतो, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. प्रयोगशाळेतील बरेचसे पुरावे एकेक प्रथिन पेशीत अलगपणे घालून मिळवलेले आहेत. प्रत्यक्ष विषाणूची लागण झालेल्या मानवी रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत इंटरफेरॉन तयार होत असल्याचे आढळले आहे. चेतापेशींत मात्र तसा प्रतिसाद दिसला नाही. म्हणजे दवंडी काही वस्त्यांत पिटली जाते, काहींत पिटलीच जात नाही. रक्तवाहिन्या आणि मेंदू ही निपाहची दोन प्रमुख लक्ष्ये असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. शिवाय आजाराच्या उत्तरार्धात दाह अनिर्बंध वाढतो आणि हानीचा मोठा वाटा त्याचाही असतो. प्रारंभी अपुरा आणि अखेरीस अवाजवी, असा प्रतिसादाचा हा विस्कळीत क्रम गंभीर विषाणूजन्य आजारांत वारंवार दिसून येतो.

ज्या वटवाघळांपासून निपाह येतो, त्यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मोठी फलाहारी वटवाघळे हा विषाणू अंगावर बाळगतात, पण आजारी पडत नाहीत. त्यांच्या पेशींतही हा विषाणू इंटरफेरॉनच्या साखळीत अडथळे आणतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मग ती निरोगी कशी राहतात? ऑस्ट्रेलियातील काळ्या फलाहारी वटवाघळांच्या अभ्यासात एक शक्यता पुढे आली. त्यांच्या पेशींत काही इंटरफेरॉन लागण नसतानाही सतत अल्प प्रमाणात तयार होत असतात. दुसरीकडे, दाह भडकवणाऱ्या काही वाटा वटवाघळांत मुळातच मंद असल्याचे इतर संशोधनातून दिसते. पहारा कायमचा आणि आरडाओरडा कमी, असा हा समतोल आहे. माणसाच्या शरीरात पहारा हाकेनंतर उभा राहतो. ती हाकच दाबली गेली, की समतोल ढळतो.

उशिराचे औषध

या हाकेचे मोल माणसांत किती आहे, हे कोविड महामारीने दाखवून दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात कोविडने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य लक्षणे असलेल्या ६६३ जणांपैकी एकाच्याही रक्तात ती नव्हती. विषाणू जे काम आपल्या प्रथिनांकरवी करतो, ते या रुग्णांत त्यांच्याच शरीराने आधी करून ठेवले होते.

मग बाहेरून इंटरफेरॉन दिले तर? भारतात औषध महानियंत्रकांनी एप्रिल २०२१ मध्ये इंटरफेरॉनवर आधारित ‘विराफिन’ या औषधाला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी आपत्कालीन परवानगी दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय चाचणीत मात्र रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन-बीटा दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट, ब्राझील आणि कॅनडात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, रुग्णालयाबाहेरच्या रुग्णांना लॅम्डा प्रकारच्या इंटरफेरॉनची एकच मात्रा देण्यात आली. त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा आपत्कालीन कक्षात दीर्घकाळ राहावे लागण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. इंटरफेरॉनचे प्रकार वेगळे असल्याने या दोन चाचण्यांची थेट तुलना करता येत नाही. पण उपचाराची वेळ हा त्यांतील एक ठळक फरक आहे.

निपाहबाबतचे प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. इंटरफेरॉनची निर्मिती चेतवणारे एक कृत्रिम आरएनए संसर्गाच्या वेळेपासूनच दिल्यावर बहुतेक हॅमस्टर वाचले. रेमडेसिविर हे औषध संसर्गानंतर २४ तासांनी सुरू केले तेव्हा आफ्रिकी हिरवी माकडे वाचली. एम१०२.४ हे मोनोक्लोनल प्रतिपिंड विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला धरून त्याचा पेशीतील प्रवेश अडवते. मलेशियातील विषाणूची लागण केलेल्या माकडांना ते पाचव्या दिवसापासून दिले, तरी ती वाचली. बांगलादेशातील विषाणूच्या बाबतीत मात्र उपचाराची ही मुदत आणखी अल्प असल्याचे आढळले. केरळमध्ये २०१८ साली सापडलेला विषाणू बांगलादेशातील वंशाच्या अधिक जवळचा आहे, ही बाब लक्षात घेतली, की कोझिकोडच्या रुग्णालयातील त्या घटनेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

हे प्रतिपिंड भारताने ऑस्ट्रेलियातून मिळवले आहे. त्याची मानवी सुरक्षिततेची पहिली चाचणी ऑस्ट्रेलियात ४० निरोगी स्वयंसेवकांवर झाली. निपाहच्या रुग्णांवर त्याची परिणामकारकता सिद्ध करणारी चाचणी झालेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी देशात दहा रुग्णांपुरताच साठा असल्याचे सांगून आणखी २० मात्रा मागवल्याची माहिती दिली होती. साठा वाढवणे आवश्यकच आहे. मात्र, प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवलेली मुदत ध्यानात घेता, शीतपेटीत असलेले औषध आणि रुग्णाच्या शरीरात वेळेवर गेलेले औषध यांत जीवन-मरणाचे अंतर राहू शकते. दहा मात्रांच्या जागी शंभर झाल्या, तरी ते अंतर आपोआप मिटणार नाही.

शांततेची दुसरी बाजू

संसर्ग होण्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला वैद्यकीय परिभाषेत अधिशयन काळ म्हणतात. निपाहमध्ये तो साधारणतः ४ ते १४ दिवसांचा असतो. २०१८च्या केरळमधील उद्रेकाच्या अभ्यासात तो ६ ते १४ दिवसांच्या दरम्यान आणि मध्यक साडेनऊ दिवस आढळला. या शांततेला इंटरफेरॉनची दाबलेली हाक हे एकमेव कारण नाही. शिरकावाचा मार्ग, विषाणूची मात्रा आणि त्याच्या वाढीचा वेग यांचाही त्यात वाटा असतो. तरी एवढे निश्चित की, या दिवसांत विषाणू आपले काम करत असतो आणि शरीराला त्याचा पुरेसा पत्ता नसतो.

परंतु, याच शांततेला दुसरी बाजू आहे आणि ती माणसाच्या बाजूची आहे. बांगलादेशात २००१ ते २०१४ या काळात नोंदल्या गेलेल्या २४८ रुग्णांच्या अभ्यासानुसार त्यांपैकी केवळ २२ जणांनी, म्हणजे सुमारे नऊ टक्के रुग्णांनी, इतरांना संसर्ग दिला. एक रुग्ण सरासरी एकाहूनही कमी व्यक्तींना, नेमके सांगायचे तर ०.३३ व्यक्तींना, लागण देत होता. संसर्ग देणाऱ्यांत वयाने मोठे आणि श्वसनाचा त्रास असलेले रुग्ण प्रामुख्याने होते. म्हणजे निपाह बहुतांशी आजार बळावल्यावर पसरतो, शांत काळात नव्हे. लक्षणे दिसण्याआधीच पसरणाऱ्या कोविडपेक्षा तो येथे मूलतः वेगळा ठरतो.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. विषाणूने शरीराकडून हिरावून घेतलेले हे आठ-दहा दिवस आरोग्ययंत्रणेला मात्र उपलब्ध असतात. शरीराला जे ठाऊक नाही, ते यंत्रणेला ठाऊक होऊ शकते. अमुक व्यक्ती अमुक दिवशी रुग्णाच्या खोलीत होती, ही नोंद कोणत्याही पहारेकरी प्रथिनाविना दवंडीचे काम करते. संपर्कातील व्यक्तींना २१ दिवस देखरेखीखाली ठेवण्याची केरळची पद्धत याच तर्कावर उभी आहे.

२०१८ आणि २०२३ या दोन वर्षांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. २०१८ मध्ये पहिला रुग्ण निदानाविनाच दगावला. त्याच्यापासून रुग्णालयांतच इतर रुग्ण, नातेवाईक आणि आरोग्य कर्मचारी यांना लागण झाली. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेलाही त्यात प्राण गमवावे लागले. त्याच कुटुंबातील दुसऱ्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शंका आली, तेव्हा कोठे नमुने तपासणीसाठी गेले. निदान होईपर्यंत बहुतेकांना लागण होऊन गेली होती.

२०२३ मध्येही पहिल्या रुग्णाचे निदान हयातीत झाले नाही. त्याच्या जतन केलेल्या नमुन्यातून ते नंतर निश्चित झाले. मात्र, दुसऱ्या मृत्यूनंतर लगेच तपासणी झाली, हजाराहून अधिक संपर्क शोधण्यात आले आणि देखरेखीखालच्या व्यक्तींमध्ये लक्षणे दिसताच उपचार सुरू झाले. सहा रुग्णांपैकी चार वाचले. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगाही होता, ज्याला काही काळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते. एवढ्या अल्प संख्येवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाहीत आणि विषाणूच्या मात्रेसारखे इतर घटकही असू शकतात. तरी, दोन्ही उद्रेकांत विषाणूची हत्यारे जवळजवळ तीच असताना निकाल इतका वेगळा लागला, ही बाब दुर्लक्षण्यासारखी नाही.

वेळ कोठे वाचवता येईल

सर्वांत दुबळा दुवा आजही पहिल्या रुग्णाचाच आहे. संपर्कसाखळी ज्याच्यापासून सुरू होते, तो कोणाच्याही यादीत नसतो. त्याचा ताप इतर शंभर तापांसारखाच असतो. त्याला हेरायचे असेल, तर मेंदूज्वराच्या आणि अचानक बळावणाऱ्या श्वसनविकाराच्या प्रत्येक अस्पष्ट रुग्णाचा नमुना तपासण्याची शिस्त तालुका पातळीपर्यंत रुजावी लागेल. ती केवळ केरळपुरती असून भागणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या अस्तित्वाच्या खुणा सापडल्या होत्या. केरळखेरीज महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तमिळनाडू आणि आसामसह अनेक राज्यांतील वटवाघळांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. महाराष्ट्र किंवा गोव्यात माणसाला लागण झाल्याची नोंद नाही आणि वटवाघळांत खुणा सापडणे म्हणजे साथ नव्हे. त्यांना मारणे किंवा हुसकावणे हा तर उपाय नव्हेच. त्रस्त वटवाघळे विषाणू अधिक प्रमाणात बाहेर टाकण्याची भीती असते. मात्र, पहिला रुग्ण कोठे आढळेल, याचा नकाशा केरळच्या सीमेशी संपत नाही, याची ही सूचना आहे.

दुसरा दुवा निदानाचा. २०१८ मध्ये अंतिम खात्रीसाठी पुण्यातील चौथ्या जैवसुरक्षा स्तराच्या प्रयोगशाळेवर अवलंबून राहावे लागले होते. त्यानंतर केरळमध्ये चाचणीची सोय वाढली आणि पुण्याच्या संस्थेची फिरती प्रयोगशाळाही उद्रेकाच्या ठिकाणी पाठवण्यात आली. २०२३ मध्ये गोवास्थित कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट चाचणी दुसऱ्या जैवसुरक्षा स्तराच्या प्रयोगशाळांत वापरण्यास वैद्यकीय संशोधन परिषदेने केरळला परवानगी दिली. क्षयरोगाच्या निदानासाठी याच पद्धतीची यंत्रे देशभरात वापरात आहेत. इतर राज्यांनीही ही सोय उद्रेक होण्याआधीच सिद्ध ठेवली, तर नमुन्याच्या प्रवासात जाणारा वेळ वाचेल.

तिसरा दुवा रुग्णालयाचा. २०१८ मधील जवळजवळ सारा प्रसार रुग्णालयांत झाला आणि २०२६ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बाधित झालेले दोघेही आरोग्य कर्मचारी होते. मुखपट्टी, हातमोजे, रुग्णांमधील अंतर आणि खेळती हवा या गोष्टींत नवे विज्ञान काहीच नाही. पण निदान होण्यापूर्वीच्या तासांत, रुग्ण कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसताना, कर्मचाऱ्यांचे संरक्षण तेवढेच करू शकतात.

लसीच्या आघाडीवर आशादायक हालचाली आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाने जानेवारी २०२४ मध्ये निपाहवरील लसीची मानवी चाचणी सुरू केली. याच लसीच्या एक लाखापर्यंत मात्रांचा राखीव साठा तयार करण्याचे काम पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. लसीने प्रशिक्षित झालेले शरीर इंटरफेरॉनच्या हाकेवर सर्वस्वी विसंबून राहत नाही. विषाणूला पेशीच्या दाराशीच अडवू शकणारी प्रतिपिंडे आधीच तयार असतात. विषाणूच्या चारही प्रथिनांची कामगिरी पेशीच्या आत सुरू होते, हे लक्षात घेतले तर दाराशी अडवण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र, तुरळक आणि अल्प रुग्ण असलेल्या आजारात लसीची परिणामकारकता सिद्ध करणे अवघड असते आणि व्ही प्रथिनाची पकड सोडवणारे औषध अद्याप कोणाच्याही हाती नाही.

तोवर देशाच्या हाती असलेले साधन साधे आणि खर्चिकतेपेक्षा चिकाटीची मागणी करणारे आहे. अस्पष्ट तापाकडे पाहणारा जागरूक डॉक्टर, वेळेत निघालेला नमुना, संपर्कातील व्यक्तींची काटेकोर यादी आणि त्या यादीतील प्रत्येकाला रोज जाणारा एक दूरध्वनी. निपाह पेशीला मुके आणि बहिरे करतो. अशा वेळी पेशीच्या वतीने हाक देण्याचे आणि ती ऐकण्याचे काम आरोग्ययंत्रणेला करावे लागते. मलप्पुरमच्या त्या मुलासाठी औषध निघाले तेव्हा हाक पोहोचली होती, पण उशिरा. पुढच्या रुग्णासाठी ती किती दिवस आधी पोहोचते, यावर या लढाईचा हिशेब ठरणार आहे.